महिनाभराची खोली आणि बँकॉकची माती

बँकॉकमधल्या एखाद्या मध्यम हॉटेलात दिवसाचा भाव विचारला आणि समजा १,२०० बाट सांगितला, तर तीस दिवसांचे झाले ३६,०००. आता त्याच काउंटरवर महिन्याचा भाव विचारून बघा. ड्रॉवरमधून लॅमिनेट केलेला वेगळाच कागद निघतो आणि त्यावर वीस-बावीस हजारांचा आकडाही असू शकतो. खोली तीच, चादरी त्याच, खिडकीतून दिसणारं आंब्याचं झाडही तेच. मधले चौदा हजार गेले कुठे, हे शोधायला निघालं की हॉटेल मागे पडतं आणि अख्खं शहर उलगडायला लागतं.

एक धागा कायद्याकडे जातो. थायलंडच्या २००४ च्या हॉटेल कायद्यानुसार, केवळ महिन्याच्या किंवा त्याहून लांब मुदतीच्या भाड्यानं दिली जाणारी जागा हॉटेल ठरतच नाही. हॉटेल म्हटलं की परवाना आला आणि त्यामागचा सगळा खटाटोप आला. महिन्यानं देणारा त्यातून सुटतो. त्यामुळे बँकॉकमध्ये राहण्याच्या जागांचे दोन बाजार शेजारी-शेजारी चालतात आणि परवानाधारक हॉटेलला महिन्याचं गिऱ्हाईक हवं असेल, तर समोरच्या अपार्टमेंटच्या भावाशी टक्कर द्यावी लागते. उलट एखादा कॉन्डोमालक ॲपवरून चार-पाच दिवसांसाठी फ्लॅट देत असेल, तर बहुधा परवान्याविनाच देत असतो. कित्येक कॉन्डोंच्या लॉबीत ‘दिवसाच्या भाड्यानं देण्यास मनाई’ अशी ठळक पाटी असते, आणि नेमके तिच्याच खाली बॅगा घेऊन आलेले पाहुणे किल्लीची वाट बघत उभे असतात.

दुसरा धागा विजेचा. दिवसाच्या भावात वीज धरलेली असते, महिन्याच्या भावात बहुतेकदा नसते. सरकारी दर युनिटला चार बाटच्या आसपास. बरेच इमारतवाले मात्र सात-आठ लावतात. बारा हजार बीटीयूचा, म्हणजे आपल्या भाषेत एक टनाचा साधा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. रात्रीचे दहा तास धरले तर महिन्याला तीनशे युनिट. चारच्या दरानं १,२०० बाट, आठच्या दरानं २,४००. दुपारीही खोलीत बसून लॅपटॉपवर काम करणार असाल, तर हा आकडा सहज दुप्पट होतो. आणि भावापुढे दोन अधिक चिन्हं दिसली, ज्यांना तिथे ‘प्लस प्लस’ म्हणतात, तर दहा टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर सात टक्के व्हॅट अजून यायचा आहे. हजाराची खोली ११७७ ला पडते.

पण मुळात इतक्या खोल्या आल्या कुठून? त्या लाटालाटांनी आल्या. अमेरिकेशी झालेल्या १९६७ च्या करारानंतर व्हिएतनाममध्ये लढणारे अमेरिकी सैनिक सुट्टीसाठी बँकॉकला येऊ लागले आणि नव्या फेचबुरी रस्त्याच्या परिसरात हॉटेलांची रांगच उभी राहिली. १९८५ नंतर येनचा भाव चढला, जपानी कारखाने थायलंडकडे वळले आणि त्यांचे अधिकारी सुखुमवित रस्त्याच्या फ्रॉम फोंग, थोंगलो भागात राहू लागले. त्यांना महिनोन् महिने राहायचं होतं, साफसफाई हवी होती, पण हॉटेलपण नको होतं. सर्व्हिस्ड अपार्टमेंट नावाचा प्रकार त्या गरजेवर पोसला गेला. मग आला २ जुलै १९९७. त्या दिवशी बाट मोकळा सोडला गेला आणि डॉलरला पंचवीसच्या आसपास असलेला भाव पुढच्या जानेवारीत पन्नासच्याही पलीकडे गेला. बांधकामं होती तिथे थांबली. साथोर्न भागातला एकोणपन्नास मजली सांगाडा पुढेही वर्षानुवर्षं तसाच उभा राहिला. अशा प्रत्येक लाटेनं काही हजार खोल्या किनाऱ्यावर टाकल्या आणि लाट ओसरल्यावर खोल्या तिथेच राहिल्या. माझं मत विचाराल तर महिनाभरासाठी यातल्या जुन्या इमारतीच बघाव्यात. फर्निचर कालबाह्य असतं, लिफ्ट कुरकुरते, पण खोली ऐसपैस असते. नव्या चकाचक टॉवरमध्ये तेवढ्याच पैशांत पलंग आणि भिंत यांच्यामधून आडवं होऊन जावं लागतं.

आता नकाशा उघडा. सुखुमवित रस्ता आणि त्याला फुटलेल्या गल्ल्या हुबेहूब माशाच्या काट्यासारख्या दिसतात: मधे एक कणा, दोन्ही बाजूंना लांबच लांब काटे, आणि काट्यांना जोडणारं जवळपास काही नाही. या गल्ल्यांना ‘सोइ’ म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी इथे शेतं आणि बागा होत्या. लांबट, चिंचोळ्या जमिनींच्या मालकांनी आपापल्या पट्ट्यातून आपापला रस्ता काढला. शेजाऱ्याच्या रस्त्याला तो जोडावा असं कुणाला वाटलं नाही, आणि जोडायला लावणारंही कुणी नव्हतं. कणा म्हणजे सुखुमवित रस्ता इथून थेट कंबोडियाच्या सीमेपर्यंत जातो. उत्तरेला विषम क्रमांकाच्या सोइ, दक्षिणेला सम, आणि दोन्ही बाजू आपापल्या गतीनं मोजत गेलेल्या. म्हणून सोइ ५५ च्या समोर सोइ ३८ येते आणि सोइ ६३ च्या समोर ४२! जाहिरातीत ‘सोइ ४० जवळ’ वाचून सोइ ३९ च्या आसपास शोधत बसलात, तर उन्हात चांगलीच पायपीट होईल.

भाव ठरतो तो या काट्यावर. ५ डिसेंबर १९९९ ला कण्याच्या डोक्यावरून बीटीएसची हवाई रेल्वे धावू लागली आणि तेव्हापासून प्रत्येक सोइच्या तोंडाशी महाग, आत जाल तसं स्वस्त, असा उतार तयार झाला. दीड किलोमीटर आतल्या हॉटेलचा भाव बघून जीव हरखतो. पण इथल्या उकाड्यात तेवढं अंतर रोज दोनदा कोण चालणार? तिथे नारिंगी जाकीटवाले मोटारसायकलवाले उपयोगी पडतात. सोइच्या तोंडाशी त्यांचा अड्डा असतो आणि अनेक ठिकाणी दरपत्रकाचा फळाही. पूर्वेकडे सरकलं तरी भाव उतरतो. अशोक, थोंगलो, एकमाई ओलांडून ऑन नुतला आलात की फरक जाणवतो. २०११ मध्ये मार्ग पुढे वाढेपर्यंत बारा वर्षं हेच शेवटचं स्थानक होतं, त्यामुळे बाजार, खाऊगल्ल्या, दुकानं सगळं तिथे आधीच जमून बसलं आहे.

आणि या उताराला एक चोरवाट आहे. सुखुमवितच्या उत्तरेला, साधारण समांतर, सेनसेप कालवा वाहतो. तो १८३७ ते १८४० या काळात थायलंडचा राजा तिसरा राम याच्या राजवटीत, पूर्वेकडच्या लढाईसाठी फौज आणि रसद नेता यावी म्हणून खोदला गेला. आज त्यातून प्रवासी बोटी धावतात, तिकीट मेट्रोच्या मानानं किरकोळ. म्हणजे विषम क्रमांकाच्या सोइत अगदी आत, रेल्वेपासून लांब म्हणून स्वस्त असलेल्या हॉटेलच्या पाठीमागे कालव्याचा धक्का असू शकतो! बोट सुटली की काठावर बसलेली माणसं दोर ओढून ताडपत्री वर घेतात, काळं पाणी चेहऱ्यावर उडू नये म्हणून. आणि तिकीटवाली बाई डोक्यावर हेल्मेट चढवून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत पैसे गोळा करते. बोटी रात्री लवकर बंद होतात आणि वास येतो, हे सांगितलेलं बरं.

खोली नक्की करताना लोक मजला विचारतात. मी आधी दिशा विचारीन. बँकॉक पावणेचौदा अंश उत्तरेला आहे. मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैअखेर. बँकॉकमध्ये एप्रिलच्या शेवटी आणि ऑगस्टच्या मध्यावर. मधले साडेतीन महिने तो उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि तेव्हा आभाळ बहुधा भरलेलं असतं. उरलेले आठ-साडेआठ महिने तो दक्षिणेच्या भिंतीवर. पश्चिमेची भिंत तर बाराही महिने दुपारभर तापते आणि ती ऊब मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहते. उत्तरेची खिडकी मिळाली, तर विजेच्या ज्या बिलाचं गणित वर केलं, ते खाली येतं. काउंटरवर हा प्रश्न विचारला की क्षणभर शांतता पसरते, मग कुणीतरी छतावरच्या टाकीकडे बोट दाखवून दिशा लावायला लागतं.

मजल्याचीही गोष्ट आहेच, आणि ती जमिनीखाली सुरू होते. बँकॉक समुद्रसपाटीपासून सरासरी जेमतेम दीड मीटर उंच आहे आणि खाली मऊ चिकणमातीचा जाड थर आहे. २८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र सुमारे हजार किलोमीटर दूर, तरी बँकॉकचे उंच टॉवर झुलले, गच्चीवरच्या तलावांतलं पाणी कडा ओलांडून खाली कोसळलं आणि बांधकाम चालू असलेली एक सरकारी इमारत जमीनदोस्त झाली. इतक्या दुरून येताना भूकंपाच्या जलद लहरी वाटेतच विरतात, संथ लहरी तेवढ्या पोचतात. त्या संथ लहरींना ही माती वाढवते, आणि उंच इमारतींचा झुलण्याचा ठेकाही संथच असतो. ठेका जुळला की टॉवर डोलू लागतो. शेजारच्या चार मजली घराला त्या मानानं फारसं कळत नाही. मग खालचा मजला घ्यावा का? तिथे दुसरी परीक्षा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात कितीतरी सोइ तुंबतात. हॉटेलच्या आसपासच्या दुकानांचे उंबरठे बघा. शिंपी, न्हावी, किराणावाला यांनी दारात विटांचा हातभर उंच बांध घातला असेल, तर पाणी कुठपर्यंत येतं ते त्यांनी मोजूनच ठेवलेलं असतं. मी तिसरा-चौथा मजला मागेन.

खाण्याची काळजी मराठी माणसाला आधी लागते. नाश्त्यासह भाव घेऊ नका. महिनाभर तोच बुफे खाववत नाही आणि बाहेर स्वस्त मिळतं. शाकाहारी असाल तर भाजीतही माशाचा सॉस असतो हे गृहीत धरा आणि पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत, इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखं दिसणारं चिन्ह शोधा. ते ‘जे’ पद्धतीचं जेवण: मांस-मासे नाहीत, अंडं नाही, आणि कांदा-लसूणही नाही. चिनी परंपरेतून आलेलं हे व्रत आपल्या चातुर्मासाच्या इतकं जवळ जावं याचं नवल वाटतं. त्यांचा नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सवही बहुतेक वर्षी नवरात्राच्याच दिवसांत येतो. तूरडाळ आणि मोहरीसाठी फाहुरातचा भारतीय बाजार आहेच. नुसत्या खोल्यांना बऱ्याचदा ओटा नसतो, तेव्हा खोली बघताना किटली तरी आहे ना, ते पाहून घ्या.

माझी एक खाजगी कसोटी आहे. थायलंडमध्ये जवळजवळ प्रत्येक हॉटेलच्या आवारात खांबावर एक छोटं देऊळ असतं, त्या जागेच्या रक्षकदेवतेचं. मुख्य इमारतीची सावली त्याच्यावर पडू नये असा संकेत आहे, म्हणून उंच हॉटेलांना त्यासाठी कोपरे शोधावे लागतात. १९५० च्या दशकात सरकारी एरावान हॉटेल बांधताना अपघात होत राहिले, तेव्हा ज्योतिषाच्या सल्ल्यानं १९५६ मध्ये तिथे चतुर्मुख ब्रह्मदेव बसवला. ते हॉटेल पुढे पाडलं गेलं, ब्रह्मदेव आजही गजबजलेल्या चौकात हार घेत बसला आहे. तर सकाळी त्या छोट्या देवळाकडे बघा. झेंडूचा हार ताजा आहे का, लाल सरबताची बाटली नवी आहे का, तिच्यात स्ट्रॉ खोचलेली आहे का? जिथे पाहुण्यांच्या नजरेत न भरणारं काम रोज होतं, तिथे गिझरही दुरुस्त होतो असा माझा अनुभव आहे.

आधी दोनच रात्रींचं आरक्षण करा, तेही शक्यतो मे ते ऑक्टोबरमध्ये, कारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी भाव ताठ असतात. दुसऱ्या सकाळी काउंटरवर महिन्याचा कागद मागा आणि विजेचा दर त्यावरच लिहून घ्या. परदेशी पाहुणा आल्याची खबर चोवीस तासांत इमिग्रेशनला देणं १९७९ च्या कायद्यानं घरमालकावर बंधनकारक आहे; त्या नोंदीला ‘टीएम ३०’ म्हणतात. हॉटेलं ती सवयीनं करतात, खाजगी मालक विसरतात, आणि मुक्काम वाढवायला गेल्यावर कचेरीत नेमकी तीच मागतात. तिची प्रत मागून घ्या, आणि बॅग उघडण्याआधी विजेच्या मीटरचा फोटो काढा.