'नेट गेलं' म्हणण्याआधी हे दोन नंबर तपासा



कोरपन्यात सेवा केंद्र किंवा ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकायचा विचार आहे? मग एक चित्र डोळ्यांसमोर आणा. पीकविम्याची शेवटची तारीख, बाकड्यावर शेतकरी बसलेले, आणि पेज उघडतच नाही. गडचांदूर नाहीतर चंद्रपूरहून दुरुस्तीवाला येईपर्यंत गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात! पण बऱ्याचदा लाइन चालूच असते. बिघाड पत्त्याचा असतो, नाहीतर नावाचा.

आधी पत्ता. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो, त्यालाच आयपी ॲड्रेस म्हणतात. दुकानात तो वाटायचं काम राउटर करतो. या पद्धतीचं नाव डीएचसीपी. मात्र पत्ता कायमचा मिळत नाही, ठरावीक मुदतीच्या भाड्याने मिळतो. आपल्याकडे लाइट जाते, राउटर पुन्हा सुरू होतो, वाटप नव्याने होतं. कालपर्यंत १९२.१६८.१.५ वर असलेला प्रिंटर आज १९२.१६८.१.९ वर जाऊन बसतो, आणि कॉम्प्युटर बिचारा जुन्याच घरी कागद पाठवत राहतो. प्रिंटर बिघडलेला नसतोच. राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं, तिथे प्रिंटरचा पत्ता एकदाच पक्का करून टाका.

दुसरं म्हणजे, दुकानाच्या वायफायचा पासवर्ड गिऱ्हाइकांना वाटू नका. सुरक्षेचा प्रश्न आहेच, पण राउटरकडे वाटायला पत्तेही मोजकेच असतात. माणूस फॉर्म भरून निघून जातो, त्याच्या मोबाइलला दिलेला पत्ता मुदत संपेपर्यंत अडकून राहतो. पत्ते संपले की तुमचाच नवा लॅपटॉप बाहेर! विंडोजच्या कॉम्प्युटरवर पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला, तर समजा राउटरकडून काही मिळालंच नाही, यंत्राने स्वतःच काहीतरी लावून घेतलंय. केबल बघा, मग राउटर बंद-चालू करा.

आता नाव. सातबारासाठी आपण महाभूमी डॉट गव्ह डॉट इन असं नाव टाकतो, पण यंत्राला आकडाच लागतो. नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. १९८३ मध्ये अमेरिकेत पॉल मोकापेट्रिस यांनी ती मांडली. त्याआधी सगळी नावं एकाच यादीत असायची आणि ती यादी प्रत्येक ठिकाणी उतरवून घ्यावी लागायची. डीएनएसमध्ये चौकशी शेवटून सुरू होते: आधी 'इन' कोणाकडे, मग त्यातलं 'गव्ह' कोणाकडे, मग 'महाभूमी' कुठे. तलाठ्याला जिल्हा, तालुका, गाव असं विचारत जावं तसं.

ही चौकशी तुमच्या नेट कंपनीच्या ज्या सर्व्हरमार्फत होते तो अडला, की लाइन चालू असूनही एकही साइट उघडत नाही. ओळखायचं कसं? कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत पिंग लिहून पुढे ८.८.८.८ टाका. उत्तर आलं, पण साइटचं नाव टाकल्यावर ती सापडत नसेल, तर दोष नावाच्या बाजूला. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरा. पहिला गूगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा, दोन्ही फुकट. पाच मिनिटांत फॉर्म सुरू!

नाव शेवटून वाचायची सवय फसवणुकीतही कामी येते. 'डॉट गव्ह डॉट इन' हे शेवट सरकारी कार्यालयांनाच मिळतं. पण मध्ये डॉटऐवजी आडवी रेघ असेल, म्हणजे 'महाभूमी-गव्ह डॉट इन' असं काही, तर ते वेगळंच नाव झालं. कोणीही पैसे भरून घेऊ शकतं. तिथे गिऱ्हाइकाचा आधार नंबर टाकलात, तर शिव्या तुम्हालाच बसणार.

उद्या स्वतःच्या दुकानासाठी डोमेन घ्याल. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत'सुद्धा मिळतं. वेबसाइट कोणाकडूनही बनवून घ्या, पण डोमेनची नोंदणी तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवरच हवी. नाहीतर बनवणाऱ्याशी वाजलं, की पाटी तुमची आणि मालक तो. पैसे देण्याआधी त्या खात्यात स्वतः लॉगिन करून बघा.