तालमीतील खंड आणि कमावलेले बळ
लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० साली एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक जिंकले. त्याच जिल्ह्यातील अहमदपूरसारख्या तालुक्यात शेतकरी घरांतील तरुणांच्या व्यायामात जूनची पेरणी आणि दसऱ्याच्या सुमाराची सोयाबीन काढणी यांमुळे खंड पडणे स्वाभाविक असते. असा खंड घातक नसतो. वजन उचलताना स्नायूंप्रमाणेच कंडरांवर, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांवर, ताण येतो आणि त्यांचा रक्तपुरवठा कमी असल्याने त्या सावकाश भरून येतात. म्हणून अनेक आठवड्यांच्या कठोर मेहनतीनंतर काही दिवसांची सूट हितकारक ठरू शकते. दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीत ताकद फारशी घटत नाही. स्नायू लहान दिसतात ते मुख्यतः त्यांतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली शर्करा, आणि तिच्यासोबतचे पाणी कमी झाल्यामुळे. खंड महिन्यांवर गेला तर मात्र खरी झीज होते आणि वृद्धांना ती अधिक भोवते. तरुणांनी आठवड्यातून एकदा, पण नेहमीच्याच वजनाने, थोडा व्यायाम ठेवला तरी कमावलेले बळ कित्येक आठवडे टिकते. पुन्हा आरंभ करताना हलक्या वजनापासून चढत जावे. गमावलेली शक्ती प्रथम कमावण्यापेक्षा लवकर परतते, त्यामुळे काढणीसाठी तालीम थांबवणाऱ्याने निराश होण्याचे कारण नाही.