धोतर नेसलेला स्पायडरमॅन

‘स्पायडरमॅन : इंडिया’ या कॉमिकचा नायक पवित्र प्रभाकर 2004 मध्ये आला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी तो घडवला, अंक चारच. खेड्यातला हा मुलगा शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला येतो. शक्ती मिळते ती कोळी चावून नव्हे, एका योग्याकडून. वर कोळ्याचा पोशाख, खाली धोतर.

घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थला हे वाचताना मनात घोळते ते गाव सोडणे. 1608 मध्ये इथे जन्मलेले नारायण ठोसर बोहल्यावरून निघून नाशिकजवळ टाकळीला तपाला बसले. पुढे समर्थ रामदास म्हणून त्यांनी गावोगावी मारुती उभे केले. त्यामुळे इथल्या पोरांना उड्डाण करणारा बलवान नायक काही नवा नाही. भिडतात ती पवित्रच्या कपड्यांना हसणाऱ्या वर्गमित्रांची पाने. खेड्यातून शहरातल्या कॉलेजात गेलेल्या कुणालाही ते हसू लगेच ओळखू येईल. राक्षस झालेल्या खलनायक नलिन ओबेरॉयशी झुंज मात्र घाईत उरकली आहे. 2023 च्या ‘अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ चित्रपटातला पवित्र भलताच बिनधास्त. मला आधीचा, बुजरा पवित्रच जास्त जवळचा वाटतो.