फेफऱ्याची गोळी

माझ्या भाचीला बाराव्या वर्षापासून फेफऱ्याचा त्रास. घरात तो शब्द कोणी उच्चारीत नसे. ‘तिला जरा चक्कर येते’ एवढेच बाहेर सांगायचे. मी मराठीचा प्राध्यापक. ‘अपस्मार’ म्हणजे स्मृती जाणे, अशी फोड वर्गात ऐटीत करणारा. पण घरी मीही ‘चक्कर’च म्हणत आलो.

गेल्या वर्षी तिच्यासाठी स्थळे पाहणे सुरू झाले. त्याच सुमारास तिच्या हिरड्या सुजून दातांवर चढू लागल्या होत्या. माझ्या ते लक्षात आले होते, पण मुलीला असे कसे विचारावे म्हणून गप्प बसलो. हा गोळ्यांचाच प्रताप, हे तिने कुठेतरी वाचले आणि कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. चौथ्या रात्री एकामागून एक झटके येऊ लागले. मध्ये शुद्धच येईना. शेजारच्या आजी कांदा घेऊन धावत आल्या. (कांद्याने झटका थांबत नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट रुग्णालय गाठावे.)

ती वाचली. मग तिच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून शिकवणी घेतली. मेंदूतल्या पेशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी एकमेकींशी बोलतात. पुष्कळ पेशी एकदम, एका सुरात ओरडू लागल्या की झटका येतो. पेशीच्या भिंतीत सोडियमला आत घेणारी दारे असतात. तिची फेनिटॉइनची गोळी वारंवार उघडणारी दारे अधिक वेळ मिटून धरते. शांतपणे चाललेल्या पेशींच्या वाटेला ती फारशी जात नाही. म्हणून तर १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पटनम यांनी ती पुढे आणली तेव्हा नवल वाटले. तोवर भिस्त होती ती ब्रोमाइडवर, आणि १९१२ साली जर्मनीत हाउप्टमान यांनी वापरलेल्या फेनोबार्बिटोनवर. ते मेंदूला शांत करणाऱ्या ‘गॅबा’ या रसायनाचा जोर वाढवते. पण झटक्यांबरोबर माणूसही पेंगतो.

“म्हणजे रोग बरा होत नाही?” मी विचारले.

“गोळी पहारा देते, सर. पहारेकरी एकाएकी काढून घेतला की काय होते, ते तुम्ही पाहिलेत.”

हा पहारेकरी जरा विक्षिप्तच. फेनिटॉइनचे प्रमाण एका मर्यादेपुढे किंचित वाढवले, तरी रक्तातील पातळी एकदम उसळते. तोल जातो, एकाचे दोन दिसतात. हिरड्यांसाठी दात काटेकोर घासावेत. तेवढ्याने भागले नाही तर औषध बदलता येते. व्हॅल्प्रोएट हे गुणकारी औषध, पण गर्भाला घातक ठरू शकते. म्हणून लग्नाच्या मुलीला ते शक्यतो देत नाहीत. बाईंनी लेव्हेटिरासेटाम निवडले. जुनी गोळी हळूहळू उतरवली, नवी हळूहळू चढवली.

नव्या गोळीने हिरड्या ओसरल्या, पण पोरगी भलतीच चिडकी झाली. “हा गोळीचा गुण की तुझा?” मी बहिणीला विचारले. या वेळी मात्र आम्ही तसेच उठून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी प्रमाण थोडे कमी केले; राग निम्म्यावर आला.

परवा एका स्थळाला मीच पत्र लिहिले. त्यात ‘अपस्मार’ असे स्पष्ट लिहिले आहे, गोळीचे नावही दिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.