निकालाच्या गर्दीची रंगीत तालीम

दहावीचा निकाल दुपारी १ वाजता ऑनलाइन लागतो. पंधरा लाखांच्या आसपास मुलं आणि त्यांचे घरचे एकाच वेळी आसन क्रमांक आणि आईचं नाव टाकून बटण दाबतात. अशा गर्दीची साइटवर आधीच तालीम घेणं म्हणजे लोड टेस्टिंग.

त्यासाठी जेमीटर, लोकस्ट, के-६ अशी मोफत साधनं आहेत. वापरकर्ता काय काय करतो ते त्यात लिहून द्यायचं, मग साधन हजारो वापरकर्त्यांचं सोंग घेतं. पण हे सोंग हुबेहूब हवं. सगळ्यांनी एकच आसन क्रमांक टाकला, तर पहिलं उत्तर कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जाऊन बसतं, पुढची सगळी तिथूनच मिळतात आणि डेटाबेसची परीक्षा होतच नाही. म्हणून क्रमांक वेगवेगळे हवेत, काही चुकीचेही. चाचणीच्या डेटाबेसमध्ये नोंदीही लाखोंनीच हव्यात. हजार नोंदींत इंडेक्स, म्हणजे शोधसूची, नसला तरी शोध झटकन लागतो. पंधरा लाखांत तीच उणीव साइट झोपवते.

साइट नेमकी कशी कोलमडते, हे आकड्यांतून पाहू. समजा, सेकंदाला ५०० जण येतात आणि प्रत्येकाला डेटाबेसचं उत्तर ०.२ सेकंदात मिळतं. म्हणजे कोणत्याही क्षणी डेटाबेसच्या सरासरी १०० जोडण्या कामात असतात. एकूण १५० असल्या, तर काही अडत नाही. आता उत्तराला २ सेकंद लागू लागले, तर त्याच १५० जोडण्या सेकंदाला फक्त ७५ जणांचं काम उरकतात. उरलेले ४२५ दर सेकंदाला रांगेत साचत जातात. कंटाळून लोक रिफ्रेश करतात, नवी विनंती जाते. जुनीही बहुतेकदा रद्द होत नाही. वेग मंदावला की साइट एकदम का बसते, ते इथे कळतं.

त्यामुळे चाचणीतल्या एका सेटिंगकडे मी फार आग्रहानं बघतो. अनेकदा खोटा वापरकर्ता आधीचं उत्तर आल्यावरच पुढची विनंती पाठवतो. साइट मंदावली की गर्दीही आपोआप ओसरते आणि अहवाल छान येतो. खरी माणसं आधीच्यांचं काम होईपर्यंत थांबत नाहीत. विनंत्या ठरलेल्या गतीनं येतच राहतील, अशी मांडणी केली तरच चाचणीला अर्थ आहे.

अहवालातल्या सरासरीवर विसंबू नये. ९५ टक्के लोकांना किती वेळात उत्तर मिळालं आणि किती विनंत्या फसल्या, ते बघावं. भार अपेक्षित गर्दीपाशी न थांबवता साइट मोडेपर्यंत वाढवावा. होस्टिंगवाल्यांना आधी कळवावं, नाहीतर त्यांना तो हल्ला वाटतो. दुरुस्ती एका वेळी एकच करावी आणि चाचणी पुन्हा घ्यावी. दोन बदल एकत्र केले तर गुण कशाचा आला ते समजत नाही.

मोडण्याची मर्यादा कळली की तिच्या थोडं अलीकडेच प्रवेश रोखता येतो. जास्तीच्या लोकांना ‘थोडं थांबा’ सांगणारं साधं पान द्यायचं, जे डेटाबेसला हातही लावत नाही. त्या पानावरही तेवढाच भार टाकून बघायचा.