धोरणाचा शेवटचा मुक्काम

ताडोबाच्या वेशीवरील मोहर्लीसारख्या गावात, मुंबईच्या दफ्तरातून निघालेली आरोग्याची एखादी योजना बाळंतिणीच्या खाटेपर्यंत जी पोहोचते, ती बहुधा त्याच गावात नांदणाऱ्या 'आशा' स्वयंसेविकेच्या पायांनी. या व्यवस्थेचे एक महत्त्वाचे मूळ शेजारच्याच गडचिरोलीत आहे. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात अर्भकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले, आणि त्या गावांतील नवजात-मृत्युदर निम्म्याहून अधिक घटल्याचा वृत्तान्त १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून हेच काम देशभरच्या आशांकडे आले. प्रसूती दवाखान्यात झाली असल्यास ४२ दिवसांत ६ भेटी, घरी झाली असल्यास ७. प्रत्येक भेटीत झोळीच्या काट्यावर वजन, काखेत थर्मामीटर आणि पूर्ण एक मिनिट श्वासांची मोजणी. ते ६० वा अधिक भरले की तत्काळ दवाखाना. सासूची संमती मिळविणे हे मात्र कोणत्याही परिपत्रकात नसलेले, आणि माझ्या मते सर्वांत अवघड, कलम होय! एवढे करूनही सरकारदरबारी तिला वेतन नाही, केवळ मोबदला आहे. आणि हा सरळसरळ अन्याय आहे.