पस सेल आठ-दहा, म्हणून लगेच गोळ्या?

सुरतमधल्या बमरोली-पांडेसऱ्याच्या लूम खात्यांच्या आसपास खानदेशातून आलेली मराठी घरंही आहेत. तिथं एक वाक्य हमखास कानावर पडतं : 'लघवीत पस सेल निघाले, इन्फेक्शन आहे, पाच दिवसांचा कोर्स घे.' त्रास काय होतो, हे कुणी विचारत नाही. रिपोर्टात '८-१०' दिसतं, शेजारी नॉर्मल '०-५' छापलेलं असतं, आणि तेवढ्यावर अँटिबायोटिकची पट्टी घरात येते.

गैरसमज : पस सेल वाढले म्हणजे जंतुसंसर्ग झालाच.

वस्तुस्थिती : पस सेल म्हणजे रक्तातल्याच पांढऱ्या पेशी. दाह जिथं, तिथं त्या धावतात. मग तो दाह जंतूंचा असो, मुतखड्याचा असो, नाहीतर मूत्रपिंडाच्या टीबीचा. लॅबमध्ये लघवी यंत्रात फिरवतात, तळाशी बसलेल्या गाळाचा थेंब काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली चारशे पट मोठा करून पेशी मोजतात. एका नजरेत मावतील तेवढ्या पेशी, हाच तो आकडा. बारा तासांच्या पाळीत जेमतेम पाणी प्यायलेल्या माणसाच्या घट्ट लघवीत तो सहज वाढलेला दिसतो.

बायकांच्या बाबतीत घोळ आणखी मोठा. अंगावरून पांढरं जात असेल, तर तिथल्या पेशी थेट डबीत उतरतात. त्याच रिपोर्टात 'एपिथेलियल सेल' भरपूर दिसत असतील, तर नमुन्यात बाहेरचं मिसळल्याची शंका घ्यावी आणि नमुना पुन्हा द्यावा. पण ती ओळ वाचतो कोण? सगळ्यांची नजर पस सेलवर!

अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं (आयडीएसए) २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय, की काहीच त्रास नसेल तर लघवीत जंतू सापडले तरी सहसा अँटिबायोटिक देऊ नये, सोबत पस सेल असले तरीही. मुख्य अपवाद दोन : गर्भवती आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांआधीचे रुग्ण. जंतूंनाच सूट आहे, तिथं नुसत्या पेशींवर गोळ्या कशाला?

वर गोळ्या आधी आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) नंतर, ही उलटी रीत. मग कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि खरा जंतू कळतच नाही.

आणखी काही :

'उन्हाळी लागली, म्हणजे इन्फेक्शन.' नेहमीच नाही. घट्ट लघवीही जळजळते. पाणी पिऊनही जळजळ राहिली, तर तपासणी करा.

'पस सेल नॉर्मल, म्हणजे प्रश्न मिटला.' त्रास असेल तर नाही.

'पहिली धार धरली तरी चालते.' चालत नाही. जागा धुऊन, मधली धार स्वच्छ डबीत धरा.

'सकाळी घेतलेला नमुना संध्याकाळी दिला तरी तेच.' उघड्यावर ठेवल्यास पेशी फुटतात, जंतू वाढतात. दोन तासांत पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा.

आणि ताप, थंडी, कमरेत कळ, लघवीत रक्त यांपैकी काही असेल, तर आकड्यावर वाद घालत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कल्चर कोरं येऊनही पस सेल पुन्हा पुन्हा निघत असतील, तर तिसरा कोर्स मागू नका, टीबी आणि खड्याची तपासणी मागा.